अपटाइमचा आकडा पारखून कसा घ्यावा

यंत्र किती काळ सलग चालू आहे आणि महिन्यातला किती वेळ ते वापरता आले, हे दोन वेगळे प्रश्न. मॉनिटरिंग सॉफ्टवेअर अनेकदा दोन्हींना ‘अपटाइम’च म्हणते. म्हणून समोरचा आकडा कशाचा, ते आधी पाहा.

राउटर-स्विचला बहुतेक सॉफ्टवेअर एसएनएमपीवरून (नेटवर्कवरच्या यंत्रांना माहिती विचारण्याची ठरलेली पद्धत) ‘सिसअपटाइम’, म्हणजे सुरू झाल्यापासूनचा वेळ, विचारते. त्याचा ओआयडी, म्हणजे ती माहिती मागण्याचा ठरलेला क्रमांक, १.३.६.१.२.१.१.३.० (टाइप करताना इंग्रजी आकडे). उत्तर सेकंदाच्या शंभराव्या भागात येते. १०० ने आणि मग ८६,४०० ने भागले की दिवस मिळतात. हा काउंटर ३२ बिटांचा असल्याने सुमारे ४९७ दिवसांत भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. सॉफ्टवेअरला ते रीबूट वाटू शकते. असा अलर्ट आला तर घाईने कुणाला साइटवर पिटाळू नका, आधीचे रीडिंग काढा. ते ४२९ कोटींच्या (३२ बिटांत मावणाऱ्या कमाल आकड्याच्या) घरात असेल, तर बहुधा काउंटरच भरला आहे.

दुसरी गफलत लिनक्स सर्व्हरवर होते. तिथे सिसअपटाइम यंत्राचे नव्हे, तर एसएनएमपी एजंटचे (सर्व्हरवर चालून ही उत्तरे देणाऱ्या प्रोग्रामचे) वय सांगते. एजंट रीस्टार्ट केला की शून्य. यंत्राचे वय हवे तर १.३.६.१.२.१.२५.१.१.० हा ओआयडी लावा.

आता टक्केवारी. ३० दिवसांची ४३,२०० मिनिटे होतात. ९९.९ टक्क्यांत ४३.२ मिनिटे बंद चालते, ९९.९९ मध्ये जेमतेम ४.३. तपासणी दर ५ मिनिटांनी होत असेल, तर ४ मिनिटांचा खंड दोन तपासण्यांच्या मधून सहज निसटतो. एवढी बारीक हमी द्यायची तर तपासणी मिनिटाला किंवा त्याहून लवकर हवी. निसटलेला रीबूट मात्र काउंटरवरून सापडतो: नवे रीडिंग ३०० सेकंदांच्या आत असले की मधे यंत्र उठले आहे. लिंक तुटून जुळली असेल तर हा उपाय चालत नाही, कारण यंत्र चालूच होते.

नुसत्या पिंगवरही (यंत्र नेटवर्कवर उत्तर देते का, एवढेच पाहणाऱ्या हाकेवर) विसंबू नका. वेब सर्व्हर कोलमडला तरी यंत्र पिंगला उत्तर देत राहते, आणि लोकांचे काम तर अडलेलेच असते. लॉगिनचे पान उघडते का, हे तपासणीत घाला.

शेवटी रिपोर्ट. नियोजित देखभालीचा वेळ वगळायचा की नाही, हे महिना सुरू होण्याआधी ठरवा. वगळलात तर किती मिनिटे वगळली, ते टक्केवारीच्या शेजारीच छापा.