परदेशात पकडलेला ट्रॉफी मासा भिंतीवर लावायचाय? या चुका टाळा

बोट धक्क्याला लागते, मासा दोरीला टांगला जातो, शेजारी उभं राहून फोटो निघतात आणि मग प्रश्न येतो, आता याचं काय करायचं? हा प्रश्न धक्क्यावर पडला, तर बरंचसं नुकसान आधीच झालेलं असतं. रंग उतरलेला असतो, शेपटीचं टोक उन्हाने वाळून चिरलेलं असतं आणि गॅफचं, म्हणजे मासा बोटीवर ओढायच्या आकड्याचं, भोक नेमकं दर्शनी बाजूला पडलेलं असतं. म्हणून गळ पाण्यात सोडण्याआधी कॅप्टनशी बोलून ठरवा: मासा सोडायचा की ठेवायचा? ठेवायचा, तर खायला की माउंटला, म्हणजे भिंतीवर लावायला? माउंट असेल, तर खऱ्या कातडीचा की फायबरग्लासच्या प्रतिकृतीचा? पुढचं प्रत्येक काम या उत्तरांवर अवलंबून आहे.

प्रतिकृतीसाठी मासा मारणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त वाईट वाटतं तेही हिचंच. घडतं ते असं. अर्ध्या तासाच्या झुंजीनंतर सेलफिश बोटीच्या कडेला येतो. डेकहँड, म्हणजे बोटीवरचा मदतनीस, विचारतो, "माउंट करायचा ना?" हात थरथरत असतात, उत्साह ओसंडत असतो, माणूस हो म्हणून जातो. मासा गॅफ होतो, धक्क्यावर येतो, अनामत रक्कम भरली जाते आणि मासा कोणीतरी घेऊन जातं. काही महिन्यांनी घरी लांबलचक खोकं येतं. त्यातला सेलफिश सुंदर असतो, पण तो तयार साच्यातून ओतून रंगवलेला असतो. पकडलेल्या माशाचं एक हाडसुद्धा त्यात नसतं. तो मासा जिवंत सोडला असता तरी भिंतीवर हीच वस्तू आली असती.

मार्लिन, सेलफिश, मोठा ट्यूना यांचे माउंट आज बहुतेक फायबरग्लासचेच होतात आणि त्याला कारण आहे. या माशांच्या कातडीत आणि डोक्याच्या हाडांत तेल भरपूर असतं. कितीही साफ केलं तरी काही वर्षांनी ते बाहेर झिरपतं, रंगाखाली पिवळे डाग पडतात, रंगाला फोड येतात. पातळ पर आक्रसतात आणि कडेने फाटतात. खऱ्या कातडीचा हट्ट मध्यम आकाराच्या, जाड आणि खवलेदार कातडीच्या माशापुरता ठेवावा, तोही काम ओळखीच्या कारागिराकडे असेल तरच.

प्रतिकृतीला लागतात मापं आणि फोटो. सेलफिश, मार्लिन अशा चोचवाल्या माशाची लांबी खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत घ्यायची. वरची चोच अनेकदा मोडकी असते, म्हणून ती धरत नाहीत. तिची लांबी वेगळी लिहून ठेवा. घेर छातीच्या परांमागे, अंग सर्वांत जाड असेल तिथे. मासा पाण्यातच असेल तर टेपशी झटापट करत बसू नका. मऊ, न ताणणारी दोरी अंगाभोवती फिरवा, जिथे जुळते तिथे चिमटीत धरून गाठ मारा, दोरी सोडवून घ्या आणि मासा गेल्यावर निवांत मोजा. लांबीलाही हीच युक्ती चालते. दोन दोऱ्या, दोन रंगांच्या, आधीच कापून खिशात ठेवलेल्या बऱ्या.

वजनाचा अंदाज हवा असेल तर घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००. मापं इंचांत, उत्तर पौंडांत. ९६ इंच लांबी आणि ४० इंच घेर म्हणजे साधारण १९२ पौंड. हा अंदाजच आहे, पण साचा निवडायला पुरेसा आहे. वजनकाट्यावर टांगण्यासाठी मासा मारायची गरज त्याने संपते.

काही ठिकाणी हा निर्णय तुमच्या हातात नसतोच. कोस्टा रिकात क्रीडा-मासेमारीत सापडलेले सेलफिश आणि मार्लिन सोडावे लागतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ब्लू मार्लिन ठेवायचा तर खालच्या जबड्यापासून खाचेपर्यंत किमान ९९ इंच हवा, सेलफिश ६३ इंच. जो ठेवायचा नाही त्याला पाण्याबाहेर काढायलाही बंदी आहे. म्हणजे मांडीवर घेऊन फोटो काढला आणि मग सोडला, तरी नियम मोडला. हवाईच्या कोनामध्ये पकडलेला मासा बोटीचा, अशी जुनी रीत आहे. पैसे तुम्ही भरले म्हणून मासा तुमचा, असं गृहीत धरू नका. बुकिंग करतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

फोटो उशिरा काढणं

माही-माहीसारखा रंगांचा मासा दुसरा नाही आणि इतक्या लवकर फिका पडणाराही नाही. पाण्यात निळा, हिरवा, सोनेरी. डेकवर आला की रंग लाटांसारखे बदलत जातात आणि काही मिनिटांत करडा-पिवळट उरतो. हे रंग कातडीतल्या पेशी जिवंतपणी सांभाळतात. मज्जातंतूंचा ताबा सुटला की संपलं. सेलफिशच्या अंगावरचे निळे पट्टे आणि पाठीच्या शिडासारख्या परावरचे ठिपकेही असेच विझतात. धक्क्यावरचा फोटो पाहून रंगवणारा कारागीर बिचारा मेलेला मासाच रंगवणार.

तेव्हा फोटोचं काम एकालाच सोपवा आणि त्याला झुंज चालू असतानाच कॅमेरा तयार ठेवायला सांगा. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, कॅमेरा माशाच्या अंगाला समांतर, उंची माशाच्या मध्याची. मासा हात लांबवून कॅमेऱ्यापुढे धरण्याची हौस असेल तर तो फोटो वेगळा काढा. त्यातलं प्रमाण कारागिराच्या काहीही कामाचं नसतं. पूर्ण बाजू, मग डोळा, कल्ल्याचं झाकण, पाठीचा पर उघडलेला, शेपूट, पोट. एका फोटोत पांढरा रुमाल येऊ द्या. फोनचा कॅमेरा रंग बदलतो, आणि पांढऱ्याशी ताडून ते दुरुस्त करता येतात. सोडायच्या माशाचे फोटो पाण्यातच, अर्ध्या मिनिटात उरका. सगळ्यात सोपं म्हणजे सलग व्हिडिओ चालू ठेवणं आणि नंतर त्यातून चित्रं काढणं.

कातडीच्या माउंटसाठी ठेवलेला मासा: बर्फ आणि गुंडाळणं

कातडीचाच माउंट ठरला असेल, तर दर्शनी बाजू बोटीवरच पक्की करा आणि डेकहँडला सांगा. गॅफ शक्यतो टाळा. मारावाच लागला तर खालच्या जबड्यात. डोक्यात दांडका घालायचा असेल तर मेंदूवर, एकदाच, डोळा सांभाळून.

आता जी गोष्ट कितीही सांगितली तरी लोक ऐकत नाहीत ती. मासा नुसत्या बर्फाच्या ढिगात खुपसू नका. बर्फाचे कोपरे कातडीत रुततात, खळगे पडतात, आणि वितळलेलं गोडं पाणी डोळे पांढरे करून रंग फिका करतं. दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी असा लगदा करा. खारं पाणी शून्याच्याही किंचित खाली जातं, सगळीकडून चिकटतं आणि मासा आतपर्यंत लवकर गार होतो. हे महत्त्वाचं, कारण माउंटचा मासा साफ करत नाहीत. पोट फाडायचं नाही, कल्ले काढायचे नाहीत, खवले खरवडायचे नाहीत. छेद कुठे घ्यायचा ते कारागीर ठरवतो. पण आतडी आत असल्यामुळे पाचक रस पोटाची भिंत आतून खात राहतात. गारवा कमी पडला की पोटाची कातडी हिरवट, मऊ होते आणि खवले बोटाला लागून निघतात. निघालेले खवले परत बसत नाहीत.

गोठवायच्या आधी रक्त समुद्राच्या पाण्याने ओतून धुवा, घासू नका. पर ओले करून, नैसर्गिक दिशेने अंगाला टेकवून बसवा. शेपटीच्या दोन्ही बाजूंना तिच्यापेक्षा थोडे मोठे पुठ्ठे, मध्ये ओलं कापड, वरून सैल चिकटपट्टी. मग पूर्ण मासा ओल्या टॉवेलमध्ये, त्यावर प्लास्टिक दोनदा, आतली हवा दाबून काढलेली. चोच असेल तर उभ्या चिरलेल्या प्लास्टिक पाइपच्या तुकड्यात. सपाट फळीवर, दर्शनी बाजू वर करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दगडासारखा होईपर्यंत त्यावर काहीही ठेवू नका. दहा-बारा किलोच्या माशाला घरगुती फ्रीझरच्या उणे १८ अंशांवर दोन दिवस द्या. कापडाच्या आत मासा, तारीख, ठिकाण आणि मापांची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा.

पर ओले का, तर गोठलेला कोरडा पर बिस्किटासारखा मोडतो. एवढं साधं कारण आहे. हॉटेलच्या फ्रीझरमध्ये वाकवून कोंबलेला मासा, शेपूट दाराला टेकलेली, ही अवस्था पाहिली की कारागिराला आधीच कळतं की शेपूट नव्याने बनवावी लागणार. घाई करणाऱ्यांचं म्हणणं असतं, "एक रात्रच तर ठेवायचाय." शेपूट मोडायला एक रात्र पुरते.

वर्तमानपत्र वापरू नका. शाई आणि कागद दोन्ही कातडीला चिकटतात. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर आठवड्यांच्या साठवणीला वाईट, कारण तो ओलावा ओढून घेतो आणि पर वाळवतो. थांबावंच लागणार असेल तर गोठलेला मासा बर्फगार पाण्यात बुडवून परत गोठवा, दोन-तीन वेळा. वर तयार होणारा बर्फाचा पातळ थर वाळण्यापासून वाचवतो.

प्रवास

प्रवासात मासा गोठलेला ठेवणारा कोरडा बर्फ, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा असतो आणि सतत वायू सोडतो. विमानात तो प्रत्येक प्रवाशाला २.५ किलोपर्यंत, विमान कंपनीच्या आधी घेतलेल्या परवानगीने आणि वायू बाहेर जाऊ शकेल अशाच डब्यात नेता येतो. डबा टेपने हवाबंद करणं ही खरोखर धोक्याची चूक आहे. वायूच्या दाबाने डबा फुटू शकतो. कोरड्या बर्फाचा तुकडा परांना थेट टेकू देऊ नका. फॉर्मलिनमध्ये किंवा दारूत बुडवून न्यायचा विचारही नको. फॉर्मलिन विषारी आहे आणि त्यात ठेवलेली कातडी इतकी ताठरते की कोणी माउंट करू शकत नाही.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अडकतात ते शार्कवाले. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये (नियंत्रित व्यापाराच्या यादीत) हॅमरहेड २०१४ पासून, शॉर्टफिन मेको २०१९ पासून आहेत. जबडा किंवा पर सीमेपार न्यायला निर्यातीचा परवाना लागू शकतो, आणि काही देश त्यापेक्षा कडक आहेत. जिथून निघता आणि जिथे उतरता, दोन्हीकडची परवानगी सहलीआधी विचारून घ्या. धक्क्यावरच्या दुकानातली पावती म्हणजे परवाना नव्हे.

जबडा, चोच, शेपूट

पूर्ण माशाऐवजी एखादा भाग ठेवणं शहाणपणाचं, पण इथेही उकळत्या पाण्याचा मोह नडतो. शार्कचा जबडा हाडाचा नसून कूर्चेचा असतो. उकळला की मऊ पडतो आणि दात गळतात. मांस चाकूने जितकं निघेल तितकं काढा, पण दातांमागची पातळ त्वचा सोडा, कारण दातांच्या मागच्या रांगा तिनेच धरलेल्या असतात. जबडा ओला असतानाच काठ्या लावून हवा तेवढा उघडा. वाळताना तो आवळतो आणि मग कधीच उघडत नाही. पांढरा करायचा तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीच कूर्चा आणि हाड दोन्ही खातं. आज पांढरं दिसतं, वर्षाभरात भुगा पडतो. वाळवणं सावलीत, वाऱ्यावर.

ट्यूनाची शेपूट दोन फळ्यांमध्ये पसरवून, बुडख्याचं मांस कोरून आत मीठ भरून वाळवतात. मीठ ओलं झालं की बदला. लोक पहिल्या मिठावर सोडून देतात आणि वास आला की शेपटीला दोष देतात.

खायचंही आणि लावायचंही

दोन्ही एकाच माशात नीट होत नाही. खायचा मासा लगेच रक्त काढून साफ करायचा असतो, माउंटचा तसाच ठेवायचा असतो. ट्यूना, माही-माही, मार्लिन यांच्या मांसात उष्णतेने हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून किंवा गोठवून नाहीसं होत नाही. दिवसभर धक्क्यावर टांगलेला मासा नंतर खाऊ नका.

दोन्ही हवंच असेल तर जपानी ग्योताकू करा: माशावर शाई लावून कागदावर ठसा. १९व्या शतकात मासेमार आपल्या माशाचा आकार असाच नोंदवत. मासा खायचा असेल तर शाई बिनविषारी हवी. अंगावरचा चिकट थर मीठ चोळून, धुऊन पूर्ण काढा, कारण बहुतेक ठसे याच्यावाचून पसरतात. कल्ले, तोंड आणि गुदद्वार टिश्यूने बुजवा, पर उघडून मागून पुठ्ठ्यावर टाचण्यांनी टेकवा, अंग टिपून कोरडं करा. शाई पातळ, आधी शेपटीकडून डोक्याकडे आणि मग उलट, म्हणजे खवल्यांच्या कडा उठतात. डोळ्याला शाई लावू नका. पातळ, चिवट कागद ठेवून मध्यापासून कडांकडे बोटांनी दाबा. कागद एकदा टेकला की सरकवायचा नाही. पहिला ठसा बहुधा जास्त शाईचा येतो, दुसरा किंवा तिसरा चांगला. डोळा कागद वाळल्यावर त्यावर ब्रशने रंगवायचा, आणि बाहुलीत उजेडाचा छोटा ठिपका कोरा सोडायचा.