थ्रीफोल्ड बांधताय? या चुका टाळा

ठरवलेल्या इनव्हेरियंटची (के³, जीनस अशा ओळखसंख्यांची) जनरल टाइप थ्रीफोल्ड, म्हणजे कॅनॉनिकल वर्ग के ‘बिग’ (पुरेसा मोठा) असलेले त्रिमितीय बीजगणितीय आकार, बांधल्याचे दावे माझ्याकडे तपासायला येतात. त्यांतली आकडेमोड सहसा बरोबर असते. घात करते ती सरफेसवर, म्हणजे द्विमितीत, लागलेली सवय.

सगळ्यात छळतं ते डबल कव्हर, म्हणजे वाय वर दोनास एक पसरलेला एक्स. ब्रँच (जिथे दोन पदर एक होतात तो भाग) बी ~ २एल असेल, तर के_एक्स हा के_वाय + एल चा पुलबॅक (एक्स वर ओढून आणलेलं रूप) आणि के³ = २(के_वाय + एल)³. इथवर सगळे नीट येतात. मग ब्रँचवर सिंग्युलॅरिटी (गुळगुळीत नसलेले बिंदू) पेरून के³ हवा तितका खाली आणायचा मोह होतो. सरफेसमध्ये ते चालतं: ब्रँच कर्व्हवर मल्टिप्लिसिटी ४ चा साधा बिंदू (जिथे चार शाखा मिळतात) घातला की के² दोनाने आणि ऑयलर कॅरेक्टरिस्टिक (इथे सगळीकडे होलोमॉर्फिक) एकाने उतरते.

एका उत्साही संशोधकाने हेच पी³ वर, म्हणजे त्रिमितीय प्रोजेक्टिव्ह अवकाशावर, नेलं. ब्रँच सरफेस १० घाताचा, म्हणजे के³ = २ आणि जॉमेट्रिक जीनस पी_जी (के च्या स्वतंत्र सेक्शनांची संख्या; पुढे नुसता जीनस) ४. त्यावर मल्टिप्लिसिटी ४ चा एक बिंदू घातला आणि उत्तर लिहिलं: के³ = ०. तिथे थबकायचं सोडून कोडायरा डायमेन्शन (के किती मोठा याचं माप) घसरलं असं मानलं आणि नसलेल्या फायब्रेशनवर (कमी मितीवर जाणाऱ्या मॅपवर) एक आख्खं प्रकरण लिहून आणलं. मी इतकंच विचारलं, की कॅनॉनिकल मॅप (के च्या सेक्शनांनी मिळणारा) कुठे जातो? चारही सेक्शन म्हणजे पी³ चे निर्देशांकच. मॅप अजूनही पी³ वर दोनास एक आहे, मग के बिग नाही कसा?

कारण सरळ आहे. त्रिमितीत बिंदू ब्लो-अप केला (त्याच्या जागी ई हा सरफेस बसवला) की के मध्ये ई नाही, २ई येतो. मल्टिप्लिसिटी एम असेल तर एल मधून ई [एम/२] (म्हणजे एम/२ चा पूर्णांक भाग) वेळा वजा होतो, म्हणून हिशोबात (२ − [एम/२])ई उरतो. ४ आणि ५ ला हे शून्य, काहीच हलत नाही. ६ ला के³ दोनाने उतरतो, तोही नवा के नेफ (कुठल्याही कर्व्हवर ऋण नसलेला) राहिला तरच. ते तपासायला कुणाला वेळ नसतो. कर्व्हच्या बाजूने ब्लो-अप असेल तर ई एकदाच येतो, तिथे ४ पासूनच फरक पडतो.

मी कुठल्याही उदाहरणाशेजारी आधी जीनस आणि नोथरची रेषा (के³ ची खालची मर्यादा) लिहून ठेवतो: के³ ≥ (४/३)पी_जी − १०/३. जीनस ४ पर्यंत आणि २१ पासून पुढे ही असमानता चेन, चेन आणि जियांग यांच्या २०२० च्या निबंधात सिद्ध आहे. जीनस ४ ला ती २ देते. वरचं डबल कव्हर रेषेवरच बसलंय, खाली उतरायला जागाच नाही.

चिन्ह. जनरल टाइप सरफेसची ऑयलर कॅरेक्टरिस्टिक धन असते. गुळगुळीत थ्रीफोल्डवर के ॲम्पल (पूर्णपणे धन) असेल तर ती ऋण असते आणि के³ तिच्या −६४ पटीपलीकडे जात नाही. तीन कर्व्हचा गुणाकार −४८ पटीवर थांबतो.

वेटेड हायपरसरफेस (निर्देशांकांना वजनं दिलेल्या अवकाशात एका समीकरणाने मिळणारा आकार): के³ म्हणजे घात भागिले वजनांचा गुणाकार, झालं, असं समजणाऱ्यांची घाई मला बघवत नाही. पी(४,५,६,७,२३) मधला ४६ घाताचा एक्स घ्या. के³ = १/४२०, जीनस ०, ऑयलर कॅरेक्टरिस्टिक चक्क +१, आणि हे सगळं टर्मिनल (सगळ्यात सौम्य प्रकारच्या) सिंग्युलॅरिटींमुळे. वजन ७ च्या बिंदूवर ४६ = ६·७ + ४, म्हणून वजन ४ चा निर्देशांक गळतो; उरलेले ५, ६, २३ हे ७ ने भागल्यावर ५, ६, २. ५ + २ = ७, म्हणजे टर्मिनल. असं प्रत्येक बिंदूला हाताने करायचं. संगणकाची यादी नंतर.

कम्प्लीट इंटरसेक्शनमध्ये (जिथे दर समीकरणाला एक मिती कमी होते) इर्रेग्युलॅरिटी, म्हणजे स्वतंत्र होलोमॉर्फिक १-फॉर्मची संख्या, शोधू नका, ती शून्यच आहे.

गुळगुळीत थ्रीफोल्डवर के³ विषम आला तर वही मिटा आणि पुन्हा सुरुवात करा; रीमन-रॉख तो सम ठेवतं.

ग्रुपने भागताना कृती मुक्त असेल (कुठलाही बिंदू जागेवर राहत नसेल) तर के³ आणि ऑयलर कॅरेक्टरिस्टिक दोन्ही ग्रुपच्या ऑर्डरने भागले जातात. जीनस नाही. तो इनव्हेरियंट फॉर्म मोजूनच मिळतो, आणि कृती मुक्त आहे हे लिहून दाखवल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही.