क्लच केबल काढून हायड्रॉलिक बेअरिंग बसवताय? आधी गॅप मोजा, मग गिअरबॉक्स चढवा

भावांनो, माझ्या जिप्सीची क्लच केबल काढून हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग बसवलं त्याला दोन पावसाळे झाले, कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो की कोण ना कोण विचारतंयच कसं केलंस म्हणून, तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकतो.

ह्यात बेअरिंग ढकलणारा फोर्क नाही, केबल नाही. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती एक गोल सिलेंडर बसतो, पेडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधनं (पेडलला जोडलेला ऑइलचा पंप) ऑइल त्यात येतं आणि पुढचं बेअरिंग सरळ प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) फिंगरवर, म्हणजे तिच्या मधल्या स्प्रिंगच्या पात्यांवर दाबतं. पेडल एकदम गुळगुळीत होतं. पण एक गोष्ट आधीच सांगतो, सील गेला तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय काही करता येत नाही, त्यामुळं स्वस्तातलं बेअरिंग घेऊ नका.

गिअरबॉक्स खाली घेतला की जुनं बेअरिंग ज्या नळीवर सरकत होतं तिचं माप व्हर्निअरनं घ्या. नवीन सिलेंडर शाफ्टच्या बरोबर मध्यात बसलाच पाहिजे, म्हणून त्याला नळीवर बसवणारा अडॅप्टर घरी घासत बसू नका, शिवाजी उद्यमनगरात चांगला टर्नर गाठा, नवीन बेअरिंग आणि नळी दोन्ही त्याच्या हातात द्या. आणि सिलेंडर शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून एक पिन लागते, ती विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गॅप, म्हणजे बेअरिंग आणि फिंगर ह्यांच्यातली मोकळी जागा. बेअरिंग पूर्ण मागं दाबा, बेल हाऊसिंगच्या (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं घर) तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासनं बेअरिंगच्या तोंडापर्यंत किती खोल आहे ते मोजा. मग इंजिनच्या बाजूला, ब्लॉकच्या तोंडापासनं प्रेशर प्लेटच्या फिंगर किती बाहेर आल्यात ते मोजा. पहिल्यातनं दुसरं वजा केलं की गॅप, इंजिन आणि बेल हाऊसिंगच्या मध्ये पातळ प्लेट येत असेल तर तिची जाडी मिळवा. साधारण ४ ते ५ मिमी धरा, तुमच्या बेअरिंगसोबतच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. हा गॅप कशासाठी, तर क्लच प्लेट झिजली की फिंगर मागं बेअरिंगकडं येतात, त्यांना मागं सरकायला जागा पाहिजे. मी पहिल्यांदा घाईत जेमतेम १ मिमी ठेवला होता. काही महिन्यांनी वैभववाडीहून गगनबावड्याला करूळ घाट चढताना इंजिन नुसतं ओरडायलंय, गाडी जागेवरच, आणि केबिनमध्ये क्लच जळल्याचा वास. बेअरिंग मागं टेकलं होतं आणि क्लच कायम अर्धा दाबलेला राहत होता. प्लेट गेली, गिअरबॉक्स परत खाली. गॅप कमी असेल तर अडॅप्टर लेथवर उतरवा, जास्त असेल तर खाली शिम, म्हणजे पातळ चकती घाला.

मास्टर निवडताना हिशोब करा. पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमी बोअर (आतला व्यास), २५ मिमी स्ट्रोकला साधारण ७.१ मिली ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ८०० चौरस मिमी असेल तर बेअरिंग ८.९ मिमी पुढं येईल, तेच ५/८ इंची मास्टर लावला तर फक्त ६.२ मिमी, म्हणजे प्रेशर प्लेटला ८ मिमी लागत असतील तर क्लच सुटणारच नाही आणि गिअर टाकताना खर्रर्र वाजणार. केबलच्या गाडीत पेडलचा वरचा भाग केबल ओढतो, इथं मास्टरचा पुशरॉड (दांडा) पुढं ढकलायचाय, म्हणून त्याची पिन पेडलच्या पिव्हटच्या (ज्यावर पेडल फिरतं तो खिळा) खाली नवीन बसवावी लागते. पिव्हटपासनं पिन ५० मिमी आणि पाय ठेवायची जागा ३०० मिमी, असा ६ ला १ ठेवला तर पाय दुखत नाही. फायरवॉलचा पत्रा पातळ असतोय, आतनं जाड पट्टी लावाच, नाहीतर पेडल दाबलं की पत्राच वाकतो. पेडलखाली स्टॉपर पण पाहिजे, जादा दाब झाला तर पिस्टन सिलेंडरच्या बाहेर येतो.

बेल हाऊसिंगमधनं दोन होज बाहेर येतात, एक ऑइलची, एक हवा काढायची. स्टील जाळीच्या घ्या, सायलेन्सरपासनं लांब बांधा, भोकाला रबर ग्रोमेट घाला. ऑइल डॉट ४ ब्रेक ऑइल, इंजिनचं किंवा जॅकचं ऑइल चुकूनही नको, सील फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. गिअरबॉक्स बसायच्या आधी पेडल अजिबात मारू नका, समोर आधार नसला की बेअरिंग बाहेर उडतं. हवा काढताना हवेच्या होजचा निपल उघडून आधी ऑइल आपोआप खाली येऊ द्या, मग एकानं पेडल हळू दाबायचं, दुसऱ्यानं निपल बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. घाईनं पंप मारलं की बुडबुडे आतच राहतात.

शेवटी गाडी न्यूट्रलला चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला तर क्लच सुटतोय. आणि पहिले काही दिवस रोज सकाळी मास्टरच्या बाटलीतली ऑइलची पातळी आणि बेल हाऊसिंगच्या खालची फरशी, दोन्ही बघा.