पिकअपला मागे जोडचाकं: पहिला नट सोडण्याआधीची तयारी

सुरुवात पान्ह्याने नाही, दारापासून करा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक लेबल दिसतं. गाडीचं कमाल एकूण वजन आणि प्रत्येक एक्सलला किती भार चालेल, हे त्यावर छापलेलं असतं. मागे दोनाऐवजी चार टायर लावल्याने तो आकडा बदलत नाही. अमेरिकेत पोलिसांनी अडवलं किंवा अपघातानंतर विम्याचा माणूस आला, तर तो तेच लेबल वाचणार. ज्यांना फक्त जास्त माल भरायचा आहे त्यांनी इथेच थांबून कारखान्यातूनच ड्यूली (मागे जोडचाकं असलेली पिकअप) म्हणून निघालेली जुनी गाडी शोधावी. बहुतेकदा तीच स्वस्त पडते. उरलेल्यांनी, म्हणजे मोठा फिफ्थ-व्हील कॅम्पर (पिकअपच्या हौद्यातल्या जोडणीवर टेकणारं फिरतं घर) किंवा घोड्यांचा ट्रेलर ओढताना गाडीचा मागचा भाग डुलतो म्हणून वैतागलेल्यांनी, पुढे वाचावं. जोडचाकांची खरी कमाई तो ठामपणा आहे. शिवाय एक टायर फुटला तरी शेजारचा गाडी सावरून धरतो.

विमा कंपनीला आणि राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाला आधीच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. (भारतात बसून हे वाचत असाल तर हात आखडता घ्या: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळी रचना मनाने करता येत नाही.)

आता गाडी कोणती, हे पक्कं करा. मी इथे २००५ ते २०१० मधली फोर्ड सुपर ड्यूटी धरतो, कारण तिच्यात फसायला भरपूर जागा आहे. एकेरी चाकांच्या एफ-२५० आणि एफ-३५० ला आठ बोल्ट १७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात असतात. ड्यूलीला २००४ पर्यंत हेच माप होतं. २००५ पासून ते २०० मिलिमीटर झालं. म्हणजे २००३ च्या ड्यूलीची स्वस्तात मिळालेली चाकं आणि २००६ च्या ड्यूलीचा एक्सल एकमेकांवर बसणार नाहीत. म्हणून सुटे भाग दहा ठिकाणांहून जमवण्यापेक्षा एकच अपघातग्रस्त ड्यूली शोधा आणि एक्सल, पाटे, यू-बोल्टच्या पट्ट्या, ब्रेक, हँडब्रेकच्या केबल, सहा चाकं, मडगार्ड आणि पुढच्या हबवर (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) बसणारे अडॅप्टर हे सगळं तिच्यावरूनच घ्या. पुढचे अडॅप्टर लोक हमखास विसरतात. ड्यूलीचं चाक खोल ताटासारखं असतं आणि पुढे ते उलटं बसतं, त्यामुळे साध्या हबवर ते आत घुसून अडकतं.

जिच्यावरून हे भाग काढायचे ती दाता गाडी पिकअपच हवी. हौद्याविना विकल्या जाणाऱ्या चॅसिस-कॅबच्या चौकटीचे मागचे दोन रूळ, म्हणजे लांब दांडे, एकमेकांपासून ३४ इंचांवर असतात, पिकअपचे त्याहून रुंद. त्या एक्सलवर पाटे बसवण्याच्या जागाच चुकतात. मग वेल्डिंग, मग पस्तावा.

एक्सल बदलायचाच नाही, फक्त हबवर जाड अडॅप्टर लावून जोडचाकं अडकवायची, असा सोपा मार्गही बाजारात विकला जातो. मला तो पटत नाही. या गाड्यांचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग असतो, म्हणजे भार हबच्या बेअरिंगवर येतो आणि आतला दांडा फक्त चाक फिरवतो. अडॅप्टरने चाक बसण्याची जागा बाहेर सरकते, तरफ लांबते आणि त्याच जुन्या बेअरिंगवर जास्त पीळ येतो. दिखाव्यासाठी ठीक, ओझ्यासाठी नाही.

गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर गिअर रेशो दोन्ही एक्सलचा एकच हवा. मागे ४.१० आणि पुढे ३.७३ ठेवून चारही चाकं जोडलीत तर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) स्वतःलाच पिळून काढेल. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि टोकाचा योक (शाफ्ट जोडणारा तुकडा) मोजून ठेवा, एबीएसचा सेन्सर तोच आहे ना ते बघा. यू-बोल्ट मात्र नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये.

टायर सहाही एकाच मापाचे, एकाच झिजेचे. जोडीतला एक मोठा निघाला तर सगळं ओझं तोच उचलतो आणि धाकटा रस्त्यावर घासत जातो. एलटी २४५/७५ आर १७, भारांक १२१/११८, हा या गाड्यांचा नेहमीचा टायर. एकटा असताना तो १,४५० किलो उचलतो, जोडीत १,३२० किलोच. तरी चारांचे मिळून ५,२८० किलो होतात. दोन टायरांमधल्या फटीसाठी कंपनीने दिलेलं किमान अंतर बघा, भाराखाली त्यांची पोटं एकमेकांना लागता कामा नयेत. आतल्या टायरची हवा तपासता यावी म्हणून व्हॉल्व्हचं एक्स्टेंशनही यादीत घाला. ते नसलं तर आतल्या टायरची हवा कुणीच बघत नाही.

हौद्याला रुंद मडगार्ड लागतील, नाहीतर मागच्याच्या काचेवर दगड उडतील. गाडीची रुंदी ८० इंचांवर गेली की दिव्यांचा नियम बदलतो: टपावर पुढे पाच पिवळे, मागे मधोमध तीन लाल आणि दोन्ही कडांना लाल. त्यांची वायर ओढायचा एक दिवस वेगळा धरा.

हत्यारांत टॉर्क पान्हा, भक्कम स्टँड आणि एक्सल खाली उतरवायला मोठा जॅक हवा. बर्फात मीठ टाकणाऱ्या राज्यातली गाडी असेल तर गंज सोडवणारं तेल आठवडाभर आधीपासून मारत राहा. चाकाचे नट १६५ फूट-पाउंडांना आवळा, तरी आपल्या वर्षाचं मॅन्युअल उघडून खात्री करा. मग १०० मैलांवर आणि पुन्हा ५०० मैलांवर तेच नट तपासा.

टेप घेऊन गॅरेजचं दारही मोजा. ड्यूली साधारण आठ फूट रुंद होते आणि एका गाडीचं दार पुष्कळदा तेवढंच असतं. आणि न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरातल्यांनी एवढं धरून चालावं की न्यू जर्सी टर्नपाइकवर दोन एक्सल आणि मागे जोडचाकं असलेली गाडी पहिल्या नव्हे, दुसऱ्या वर्गाचा टोल भरते.