शुगर लो झाली तर पेढा नको, साध्या साखरेची पुडी काढा

मला शुगर होऊन अकरा वर्षं झाली, आणि आमच्या कोल्हापुरात अजून सगळे एकच विचारतात, "किती आली? तीनशे? मग गोड बंद कर की." वाढल्याची भीती सगळ्यांना, कमी झाल्याचं कुणाला काय पडलेलं नसतं. मला पहिला दणका एका लग्नात बसला. सकाळी शुगर उतरवायची ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली, पंगत साडेबाराला म्हणून सांगितलेलं आणि अक्षता पडेपर्यंत दोन वाजले. डोक्यावर पंखा गरगरतोय तरी शर्ट घामानं चिंब, हात थरथरायला लागले, छाती धडधडतीय, आणि मी बायकोवर विनाकारण खेकसलो. पाव्हणे म्हणाले ऊन लागलं असंल, लिंबू सरबत द्या. त्या सरबतात साखर होती म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं देव जाणे.

तर आधी ओळखायचं कसं ते. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक ही सुरुवात. मग ओठाला मुंग्या, डोळ्यापुढं अंधुक, चिडचिड, बोलताना जीभ अडखळणं, साधा हिशोब न जमणं. प्रत्येकाचं वेगळं असतं, माझं आधी डोकं फिरतं आणि नंतर घाम येतो, त्यामुळं आता मी उगाच भांडायला लागलो की बायको न बोलता शुगर तपासायचं मशीनच आणून ठेवते. मशीनवर 70 च्या खाली आलं की लो धरायचं, 54 च्या खाली म्हणजे गंभीर. मशीन जवळ नसेल तर तपासायची वाट बघत बसू नका, लक्षणं दिसली की साखर खा. आणि गूळ नाहीतर फळ चिरलेल्या हातानं टेस्ट करू नका, बोटाला लागलेल्या गोडानं आकडा खोटा वाढून येतो, हात धुवून पुसूनच टोचायचं.

ज्यांना बीपी-हार्टसाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असल्या गोळ्या आहेत त्यांना थरथर आणि धडधड नीट जाणवत नाही, घाम मात्र येतो, तेवढीच खूण. आणि वारंवार लो होत असेल तर अंगाला सवय होते, मग खुणा दिसेपर्यंत माणूस गडबडलेलाच असतो.

आता उपाय. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून, नाहीतर ग्लुकोज पावडर, नाहीतर अर्धा ग्लास उसाचा रस किंवा साधं गोड कोल्ड्रिंक, म्हणजे साधारण 15 ग्रॅम साखर पोटात जाते. डाएटवालं कोल्ड्रिंक काही कामाचं नाही. 15 मिनिटं थांबा, परत तपासा, 70 च्या वर आलं नसेल तर परत तेवढंच घ्या. वर आलं आणि जेवणाला अजून वेळ असेल तर अर्धी भाकरी नाहीतर बिस्किटं खाऊन घ्या, नाहीतर परत घसरते. गूळ चालतो, आपल्याकडं गुळाला काय तोटा, पण ढेप चघळत बसण्यापेक्षा पाण्यात विरघळवून प्या. शुगरसाठी व्होग्लिबोस किंवा अकार्बोस ह्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र साखर-गूळ लवकर चढत नाही, त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवायची.

पेढा, चॉकलेट, बासुंदी नको म्हणतोय ते गोड आहे म्हणून नव्हे, त्यातली चरबी साखर रक्तात चढायला उशीर लावते म्हणून. एका मित्रानं मला गंगावेशच्या दूध कट्ट्यावर न्यायचं काढलं होतं, "म्हशीचं धारोष्ण प्यायलास की बघ कसा उठतोस." भावा, त्या दुधाची साय पचेपर्यंत मी आडवा झालो असतो.

लो कशानं होते? नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा होत नाही. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ह्या गोळ्या, त्यांचं बघायला लागतं. गोळी घेतली आणि जेवण लांबलं, उपास धरला, जोतिबा चालत चढला, कारणं साधीच. चढून आल्यावर लगेच नाही तर रात्री झोपेतसुद्धा शुगर उतरू शकते, अंथरूण ओलं, भयानक स्वप्नं, सकाळी डोकं जड, असं झालं तर रात्री तीनला एकदा तपासा. नवरात्रात उपास करायचा तर डॉक्टरला आधीच विचारून डोस ठरवा, आणि 70 च्या खाली गेलं तर उपास मोडा, अंबाबाई काय रागवत नाही. किडनी कमजोर असेल तर औषध अंगात जास्त वेळ राहतं, म्हाताऱ्या माणसांचं म्हणून जपायचं.

आणि आपलं खास कोल्हापुरी कारण म्हणजे मटणाचं जेवण. पांढरा रस्सा वाट्यावर वाट्या, मटण भरपूर, भाकरी चतकोर, आणि इन्सुलिन मात्र रोजच्या दोन भाकरीच्या हिशोबानं टोचलेलं. वर कुणी रिकाम्या पोटी दोन पेग मारले असतील तर लिव्हर साखर सोडायचंच थांबवतं. मग बोलणं अडखळलं की लोक म्हणतात पिऊन पडलाय, झोपू दे. तिथंच घात होतो.

सिरिंजचं तर नीटच बघा. आपल्याकडं इन्सुलिनची बाटली 40 ची पण मिळते आणि 100 ची पण, म्हणजे एका मिलीत तेवढे युनिट. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी 100 साठी. 100 चं औषध लाल सिरिंजनं घेतलं तर अडीचपट डोस जातो. मेडिकलवाल्यानं "तीच आहे हो" म्हणून दिलेली एकदा मी घरी आणून वाचली तेव्हा कळलं.

माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरसुद्धा नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा. गोळ्यांमुळं लो झालेली असेल तर शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवू नका, ती काही तासांनी परत उतरते, दवाखान्यात ठेवायलाच लागतं.

गाडीवर असताना जाणवलं तर बाजूला घ्या, साखर खा, बरं वाटलं तरी पाऊण तास थांबूनच किल्ली फिरवा. आठवड्यात दोनदा लो झाली की आकडा आणि वेळ लिहून डॉक्टरला दाखवा, डोस ते कमी करतील, आपण आपल्या मनानं बंद करू नका. माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते, आणि धुवायला टाकताना ती काढायची राहिली की बाकीच्या कपड्यांचं काय होतं ते बायकोला विचारा.