भावफलकाचे पान हलके कसे करावे

यवतमाळकडच्या एखाद्या गावासाठी बाजार समितीतले कापसाचे भाव मोबाइलवर दाखवायचे असतील, तर फलकाचा फोटो चढवण्याऐवजी तेच आकडे टंकावेत. दोन-तीन एमबीच्या फोटोचे काम काही केबींच्या मजकुरात होते, आणि वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर उभे राहून, कपाळावर हात धरून, स्क्रीनवरचे फिरते चक्र पाहत थांबलेल्या माणसाची बॅटरीही वाचते. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ काढावेत. शेवटचे भाव तारखेसह फोनमध्येच साठवावेत, म्हणजे रेंज नसतानाही ते दिसतील.

माझ्या मते खरी कसोटी जुन्या फोनची आहे. स्मार्टफोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच घडून गेलेला असतो; त्यामुळे आपल्या अ‍ॅपपायी कुणाला चालता फोन टाकावा लागला, तर वाचवलेल्या विजेला फारसा अर्थ उरत नाही. (ती वीजही बरीचशी आपल्याच चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते.) म्हणून पान गावातल्या सर्वांत जुन्या, काचेला तडा गेलेल्या फोनवर उघडून पाहावे आणि अडखळले तर आणखी हलके करावे. निकामी फोन १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पोचवावा.