विंडोज १० वाला जुना लॅपटॉप लगेच भंगारात काढू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, पण लॅपटॉप धड असेल तर टाकून देणं मला अजिबात पटत नाही. आधी विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आहे का बघा, कधीकधी ते बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं. नसेल तर सरळ लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, मिंटच्या स्वतःच्या साईटवरूनच आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) उतरवा, रुफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर राईट करा आणि बूट मेनूतून (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी) मिंट पेनड्राइव्हवरच चालू करून वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चालतंय का बघा, इन्स्टॉल दाबत नाही तोवर हार्डडिस्कवरचं काही जात नाही. दाबायच्या आधी मात्र बॅकअप घ्याच, ब्राउझरमधले पासवर्डसुद्धा, नेमके तेच राहून जातात.